वाडीला ग्रामसभा हवी

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वाडीत मीटिंग झाली. गिरगावातली वाडी. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते गिरगावातल्या निम्म्या वाड्यांना लागू पडेल. तीन चाळी, मधे अंगण, अंगणात लोखंडी जाळी टाकून बंद केलेली विहीर, तिच्या कडेला मारुतीचं देऊळ. त्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून पांढरी चादर सोडली होती, तोच पडदा. बिल्डरचा माणूस प्रोजेक्टर घेऊन आला होता. चादरीवर बावीस मजली इमारत उभी राहिली. वारा आला की ती इमारत हलायची आणि पोरं हसायची.

दीड तास प्रश्नोत्तरं चालली. कार्पेट किती देणार? भाडं किती महिन्यांचं आगाऊ? पार्किंग? कितवा मजला? लिफ्टला जनरेटर असेल ना? मीसुद्धा एक प्रश्न विचारला: बाथरूमला खिडकी असेल का? उत्तर मिळालं, डक्ट असेल.

रात्री जेवताना आजीनं विचारलं, "अंगणाचं काय ठरलं गं?"

कोणीच काही बोललं नाही. कारण कोणी विचारलंच नव्हतं. साठ-सत्तर माणसं अंगणात बसून दीड तास बोलत होती आणि त्या अंगणाचा विषयच निघाला नाही. माझ्याकडूनही नाही. आणि मी गेली पाच वर्षं इन्स्टावर 'गिरगाव वाचवा' छाप पोस्टी टाकते.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. मुंबईतली गावं वाचवण्याच्या नावाखाली आपण दोनच गोष्टी करतो, असं माझं म्हणणं आहे. एक, त्यांचे फोटो काढतो. दोन, त्यांचे चौरस फूट मोजतो. गाव या दोन्हींत सापडत नाही.

गावाचा फोटो

आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर खोताची वाडी. तुम्ही पाहिलीच असेल, निदान रीलमध्ये तरी. लाकडी जिना बाहेरून चढणारी घरं, रंगवलेले कठडे, पुढे ओटा, वळणावर छोटं चॅपेल. रविवारी सकाळी सातपासून तिथे प्री-वेडिंगवाले येतात. एका घराच्या ओट्यावर बसून फोटो काढतात, मग दुसऱ्या. घरातली बाई दूध घ्यायला बाहेर येते तेव्हा तिला "आंटी, दोन मिनिटं जरा" असं सांगितलं जातं. तिच्याच ओट्यावर, तिलाच. खाली कॅप्शन पडते: मुंबईत लपलेलं छोटं पोर्तुगाल.

पहिली गोष्ट, ते पोर्तुगाल नाही. ही जमीन पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोत यांची, असं वाडीचा इतिहास सांगतो. त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला इथले तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले. ईस्ट इंडियन म्हणजे याच बेटांवरचे आणि वसई-साष्टीचे मूळ रहिवासी, जे ख्रिस्ती झाले. घरात त्यांची बोली मराठीचीच. लग्नाच्या आधी ते विहिरीवर वाजतगाजत जाऊन 'उंबराचं पाणी' आणतात. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा कंपनीच्या आणि सरकारच्या नोकऱ्यांत गोव्याहून आलेल्या ख्रिस्त्यांपेक्षा आपण वेगळे, हे दाखवायला त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. माझगावच्या म्हातारपाखाडीतले जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा हे याच समाजातले. टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले पुढारी, १९२५ साली मुंबईचे महापौर. ज्यांच्या गल्लीला आपण 'युरोपियन वाटते' म्हणतो, ती माणसं आपल्या शेजारी मराठी बोलत राहिली आणि आपल्याला पत्ता नाही. कारण आपण भिंतीच पाहत होतो.

दुसरी गोष्ट. एकेकाळी तिथे पासष्ट घरं होती असं सांगतात. आज तिसाच्या आत आहेत. 'अनंताश्रम'सारखी खाणावळ बंद झाली. जेम्स फरेरा यांच्यासारखे डिझायनर तिथे राहून वर्षानुवर्षं वाडीसाठी भांडत आले. तरी दर काही वर्षांनी एक घर पडतं आणि त्या जागी काहीतरी उंच येतं. मग वर्तमानपत्रात लेख येतो, आपण तो शेअर करतो, खाली तुटलेलं हृदय टाकतो.

आता जरा त्या घरातल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. सागाची तुळई कुजली आहे. सुतार सांगतो तो आकडा पगारापुढे जातो. घर पाच भावंडांच्या नावावर, त्यातली दोन कॅनडात, एक वसईत. मुंबई महानगराला वारसा नियमावली मिळाली १९९५ साली, देशात पहिल्यांदा, आणि तिचा अभिमान वाटायला हवाच. पण ती नियमावली मुख्यतः सांगते की काय करायचं नाही. दर्शनी भाग बदलायचा नाही, उंची वाढवायची नाही. कौलं शाकारायला पैसे कोण देणार, यावर तिचं उत्तर फार बारीक आवाजात येतं. विकासहक्क दुसरीकडे विकण्याची, म्हणजे टीडीआरची वाट कागदावर आहे. पण एका ओट्याच्या घराची मालकीण त्या कागदापर्यंत कशी पोचणार?

शहराला वाडी हवी आहे, पण फुकट. देखणेपण सगळ्यांचं आणि कुजकी तुळई तिची एकटीची. याला मी प्रेम म्हणत नाही.

इंग्लंडातला नोटीस बोर्ड

कॉलेजात असताना एक वर्ष मी शिकायला ब्रिस्टलला होते. तिथून एका शनिवारी आम्ही चौघी विल्टशरमधलं लॅकॉक नावाचं खेडं बघायला गेलो. चार गल्ल्या, दगडी घरं, एक चर्च, एक-दोन पब, कडेला जुना मठ. तुम्ही हॅरी पॉटर पाहिला असेल तर त्या मठाचे ओवरीसारखे सोपे पाहिलेच आहेत. गावात वरून जाणारी एक वायर दिसत नाही. कारण जवळजवळ सगळं गाव एकाच संस्थेच्या मालकीचं आहे. मटिल्डा टॅल्बट या बाईंनी ते १९४४ साली नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं.

गंमत म्हणजे १८३५ साली याच मठाच्या एका खिडकीचा निगेटिव्ह त्यांच्या घराण्यातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यानं घेतला. कॅमेऱ्यातून घेतलेला, आज शिल्लक असलेला तो सगळ्यात जुना निगेटिव्ह. म्हणजे जिथे फोटोचा जन्म झाला म्हणायला हरकत नाही, त्याच गावात आज लोक फक्त फोटो काढायला येतात. आम्हीही त्यातल्याच. मी चाळीस फोटो काढले. एका खिडकीतून एक म्हातारा आमच्याकडे बघत होता, आणि त्याची नजर मला ओळखीची वाटली. खोताच्या वाडीतली 'आंटी' तशीच बघते.

पण मला त्या सहलीतून आठवतो तो नोटीस बोर्ड. लॅकॉकचा नव्हे, परतीची बस चुकली तेव्हा ज्या आडगावात आम्ही तासभर बसलो तिथला. फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. बसथांब्याशेजारी काचेच्या पेटीत पॅरिश कौन्सिलच्या बैठकीची सूचना लावली होती. विषय: बाकाला रंग, स्मशानाचं कुंपण, खेळाच्या मैदानावरचं गवत, आणि गावाबाहेर येऊ घातलेल्या नव्या घरांवर गावाचं म्हणणं. खाली तारीख, वेळ, हॉलचं नाव. बस्स.

पॅरिश कौन्सिल ही इंग्लंडातल्या खेड्याची ग्रामपंचायत. १८९४ च्या कायद्यानं ती आली. पॅरिशमधल्या मतदारांची सभा वर्षातून किमान एकदा घ्यावीच लागते, आणि तिथल्या कुठल्याही मतदाराला उठून बोलता येतं. बाक, दिवे, मैदान, स्मशान यासाठी कौन्सिलला घरपट्टीतून थोडा पैसा उभा करता येतो. हद्दीत बांधकामाचा अर्ज आला तर त्यांचं मत ऐकून घ्यावं लागतं. २०११ च्या कायद्यानंतर गावाला स्वतःचा विकास आराखडा बनवून त्यावर मतदानही घेता येतं.

तिथे सगळं गोड आहे असं नाही. घरांच्या किमती अशा की गावातलीच पोरं गावात घर घेऊ शकत नाहीत, शहरातले श्रीमंत दुसरं घर म्हणून तिथे येतात. सभेलाही म्हातारेच जास्त. पण ती सभा असते. तिला नाव आहे, तारीख आहे, इतिवृत्त आहे. मला वाटतं, इंग्रजी खेडं ज्यामुळे गाव राहिलं ते दगडी भिंतींमुळे नाही, त्या काचेच्या पेटीतल्या कागदामुळे.

आणि हे फक्त खेड्यांचं नाही. लंडन शहरात पॅरिश कौन्सिलं १९६० च्या दशकात संपली होती. २००७ च्या कायद्यानं ती पुन्हा शक्य झाली आणि २०१४ साली वेस्टमिन्स्टरमधल्या क्वीन्स पार्क या वस्तीनं आपलं कौन्सिल निवडून घेतलं. भर लंडनमध्ये. म्हणजे 'महानगरात हे कसं जमणार' या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी देऊन मोकळं झालंय.

चौरस फुटांचं गणित

आता परत आमच्या चादरीवरच्या इमारतीकडे येऊ.

सप्टेंबर १९६९ च्या आधीची आमची इमारत उपकरप्राप्त आहे. उपकर आपण भरतो, दुरुस्ती म्हाडाचं मंडळ करतं. भाडं गोठलेलं, त्यामुळे मालक दुरुस्तीत पैसा घालत नाही. पागडीमुळे भाडेकरू अर्धा मालक, पण कागदावर भाडेकरूच. या कोंडीतून सुटायचा मार्ग म्हणून विकास नियमावलीतलं कलम ३३(७). त्यात ठराविक भाडेकरूंनी संमती दिली की पुनर्विकास होतो. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. बिल्डरला वाढीव एफएसआय मिळतो, तो विकून तो नफा काढतो.

यात वाईट काय? खरं सांगायचं तर या गणितात जे लिहिलंय ते वाईट नाही. जे लिहिलेलंच नाही ते वाईट आहे. प्रत्येक खोलीचा हिशेब आहे. अंगणाचा नाही. नव्या इमारतीत मोकळी जागा नियमानं येते, पण बऱ्याचदा ती गाड्यांच्या मजल्यांवर, पोडियमच्या गच्चीवर चढते. तिथे जायला लिफ्ट, लिफ्टला कार्ड, कार्डाला मेंटेनन्स. रस्त्यावरून कोणी सहज आत येऊन ओट्यावर टेकेल, असं तिथे होत नाही.

आमच्या अंगणात काय काय होतं? मे महिन्यात पापड वाळतात. गणपतीत दहा दिवस मांडव. चैत्रात हळदीकुंकू. बाराही महिने बॉक्स क्रिकेट, आणि काच फुटली की कोणाची पोरं हे ठरवण्यासाठी खटला. लग्नाची पंगत तिथेच बसायची आणि माणूस गेला की तिरडीही तिथेच बांधायची. आजोबांची बांधली तेव्हा मी आठवीत होते. वाडीतल्या साठ घरांतून माणसं खाली उतरली, कोणाला बोलवावं लागलं नाही. बाविसाव्या मजल्यावरून तिरडी कशी उतरवतात, मला माहीत नाही. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणतात.

ही जागा सगळ्यांची म्हणून कोणाचीच नव्हती. आणि जे कोणाचंच नसतं ते मुंबईच्या नियमात पहिल्यांदा गिळलं जातं. हे मी हवेत बोलत नाही. परळ-लालबागकडे बघा. त्या भागाला आपण गिरणगाव म्हणायचो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. गिरण्यांची जमीन जवळपास ६०० एकर. १९९१ च्या नियमावलीनं सांगितलं होतं, या जमिनीचे साधारण तीन भाग करा: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त ज्या जमिनीवर बांधकाम नाही, तिचीच करायची असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? मैदानं आणि घरं मिळायची ती कागदावरच आक्रसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला. एका वाक्याच्या दुरुस्तीत एका अख्ख्या गिरणगावाचं अंगण गेलं. तिथले लोक त्या दुरुस्तीच्या वेळी कुठे होते? त्यांना विचारणारी सभाच नव्हती.

'संडासाच्या रांगेत तू उभी राहा'

हे वाचून कोणीतरी म्हणेल, ही नॉस्टॅल्जियाची दुकानदारी बंद करा. मान्य. माझं उत्तर ऐका.

मी त्या रांगेत सत्तावीस वर्षं उभी आहे. सकाळी साडेसहाला बादली घेऊन, पाळी असताना पोटात दुखत असतानाही, समोरच्या चाळीतले काका ब्रश करत 'काय, लवकर आज?' असं विचारत असतानाही. मला माझ्या घरात संडास हवा आहे. मोरीवर पडदा लावून आंघोळ करणं मला परंपरा वाटत नाही. आमच्या जिन्याच्या पायऱ्या दर पावसाळ्यात थोड्या खचतात आणि जुलैची प्रत्येक रात्र आई कान टवकारून झोपते. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांतली माणसं ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीला ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या घेऊन आत गेली. त्यांच्या चेहऱ्यावरच्या आनंदाला जो नाक मुरडतो त्यानं आधी १६० फुटांत सात माणसांबरोबर एक उन्हाळा काढावा.

म्हणून माझी लढाई पुनर्विकासाशी नाही. जुनी चाळ पाडा. मी स्वतः नारळ फोडीन. भांडण एवढंच की पाडायचं काय आणि बांधायचं काय हे ठरवताना 'आम्ही' नावाचं कोणी असतं की फक्त साठ सुटे सुटे 'मी' असतात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. गाव, गाव काय लावलंय? गाव म्हणजे जात. हा आक्षेप घेणारे बाबासाहेबांचा दाखला देतात, आणि तो द्यायलाच हवा. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर सडकून टीका केली. घटनेचा पाया गाव नव्हे, व्यक्ती असेल हे ठासून सांगितलं. आणि ते बोलणारे बाबासाहेब कुठे राहिले होते? परळच्या बीआयटी चाळीत, वीसेक वर्षं. समाईक गॅलरी, समाईक नळ, समाईक संडास हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

आमच्या गिरगावात तरी काय होतं? वाड्यांची नावं फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी अशी झाडांवरून पडली, पण खोल्या आडनावावरून दिल्या जात. ही वाडी अमक्यांची, ती तमक्यांची. आमच्याच वाडीत एका रिकाम्या खोलीसाठी आलेल्या जोडप्याला 'गाव कुठलं, आडनाव काय' विचारून परत पाठवल्याचं मी लहानपणी पाहिलंय. त्या दिवशी वाडीचं 'आम्ही' फार घट्ट होतं.

म्हणूनच मला वाडीचे वडीलधारे नकोत. मला वाडीची सभा हवी. रूढीनं चालणारी नव्हे, कायद्यानं बांधलेली. व्यक्ती हा पाया, एकदम मान्य, मग प्रत्येक व्यक्तीला एक मत द्या. आज काय आहे? पुनर्विकासाची संमती खोलीमागे एक. भाडेपावती ज्याच्या नावावर, त्याची सही. आमची पावती आधी आजोबांच्या नावावर होती, आता बाबांच्या. आजी या वाडीत लग्न करून आली त्याला साठ वर्षं होतील. अंगणाबद्दल विचारणारी ती एकटी, आणि तिला मतच नाही. आईला नाही. मला नाही. पोटभाडेकरूला तर उभंही करत नाहीत. जुनं गाव बायकांना आणि दुबळ्यांना विचारत नव्हतं, आणि नवा नियमही विचारत नाही. फरक एवढाच की नव्या नियमाकडे प्रोजेक्टर आहे.

गडचिरोलीला जे जमलं

महाराष्ट्रात ग्रामसभेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कुठलं? गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड आदिवासींचं गाव. मुंबई-दिल्लीत आमचं सरकार असेल, पण आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. तिथे निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांच्या सहमतीनं होतात. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेनं स्वतः द्यायला सुरुवात केली.

सामूहिक हक्क हा शब्द नीट बघा. माझा बांबू, तुझा बांबू असं नाही. आमचं जंगल. गडचिरोलीच्या गावाला कायदा 'आमचं' म्हणू देतो. गिरगावातल्या पदवीधरांच्या वाडीला देत नाही. आमच्याकडे 'माझे तीनशे चौरस फूट' एवढंच चालतं.

१९९२ च्या दोन घटनादुरुस्त्या आठवा. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं खेड्याला ग्रामसभा दिली. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं शहराला प्रभाग समित्या दिल्या, म्हणजे पुन्हा नगरसेवकच. शहरातल्या सामान्य मतदाराची सभा त्यात नाही. २००५ च्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेत राज्यांनी क्षेत्रसभेचा कायदा करावा अशी अट होती. तुमच्या भागात क्षेत्रसभा भरल्याचं तुम्हाला आठवतं का? मला नाही. उलट मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं आणि वर काही महिने तिथे नगरसेवकही नव्हते. गटार तुंबलं तर सांगायचं कोणाला? प्रशासकाला. त्याच काळात मेट्रो-३ पूर्ण झाली, ऑक्टोबर २०२५ पासून ती गिरगावात थांबते, आणि आमच्या अंगणाच्या जमिनीचा भाव आमच्यापेक्षा बाहेरच्यांना आधी कळला.

'सभा घेतली तर भांडणं होतील, आरडाओरडा करणारे ती ताब्यात घेतील.' होतील ना भांडणं. पण आम्हाला सभा चालवता येत नाही असं कोण म्हणतं? १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसतो. गिरगावातल्या प्रत्येक वाडीच्या मंडळात वर्गणीची पावती आहे, हिशेबतपासणी आहे, अध्यक्षपदावरून रुसवे आहेत, आणि तरी भाद्रपदात मांडव उभा राहतो. म्हणजे अंगण आपण मिळून चालवू शकतो. फक्त ते हक्क म्हणून नाही, उत्सव म्हणून चालवतो. बाप्पाचं विसर्जन झालं की सभेचंही होतं.

मागणं काय

चार गोष्टी. लांबण लावत नाही.

एक, प्रत्येक वाडीला, चाळसमूहाला, कोळीवाड्याला, गावठाणाला सभा द्या. तिथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत, पावती कोणाच्याही नावावर असो. पुनर्विकासाचा प्रस्ताव आधी या सभेपुढे, मग सहीला.

दोन, अंगण मोजा. करारात खोल्यांच्या तक्त्याखाली आणखी एक ओळ हवी: आज समाईक मोकळी जागा किती, उद्या किती. जमिनीवर, आकाश दिसेल अशी. पोडियम धरायचा नाही.

तीन, खोताच्या वाडीसारख्या जागा शहराला हव्या असतील तर शहरानं दुरुस्तीचा वाटा उचलावा. टीडीआर असो नाहीतर थेट अनुदान, त्या मालकिणीच्या दारापर्यंत जाऊन अर्ज भरून घेण्याची जबाबदारी महापालिकेची असावी. तुळई बदलायला पैसे नाहीत आणि पाडायला परवानगी नाही, ही तिच्यासाठी शिक्षा आहे.

चार, ही मागणी तुमच्या-माझ्याकडे. वाडीत फोटो काढायला जाल तेव्हा ओट्यावर बसण्याआधी दार वाजवा. आतल्या बाईला विचारा, "बसू का?" ती नाही म्हणाली तर उठा. सभेची सुरुवात तिथूनच होते.

गेल्या आठवड्यात मी आमच्या भाडेकरू संघाच्या सेक्रेटरी काकांना चिठ्ठी दिली. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय 'अंगण' घ्यावा, आणि त्या दिवशी सगळ्यांनी यावं, फक्त पावतीवाल्यांनी नव्हे. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?" मी म्हटलं, आजीच्या. ते म्हणाले, "पण तिचं नाव यादीत नाही."

मी म्हटलं, "काका, तेच तर लिहिलंय."

चिठ्ठी त्यांनी खिशात ठेवली. मीटिंग पुढच्या रविवारी आहे. आजीनं खालची खुर्ची आत्ताच सांगून ठेवली आहे, देवळाजवळची.